आडनावाचा रकाना

आमच्या घरच्या पत्रकांवर शेवटी जी नावं छापली जायची, ती अकारविल्हे. हुद्दा नाही, आडनाव नाही. वडील कारखान्यात कामगार होते आणि त्यांच्या छोट्याशा संघटनेची पत्रकं तेच लिहायचे. संघटनेत ठरलेलं होतं, कोणाचं नाव वर आलंच तर ते अक्षरामुळे आलं पाहिजे, मोठेपणामुळे नाही. आणि आडनावावरून लोक जात शोधतात, म्हणून आडनाव नकोच. छपाई शनिवार पेठेतल्या एका बोळात व्हायची. छापखान्याचे मालक मजकूर वाचून चष्म्यावरून बघायचे. "अहो, शब्द एवढे जळजळीत आणि कागद हा असला? वाटताना पेट घेईल की." वडील हसायचे नाहीत. मी गठ्ठ्यावर बसून पत्रकांना घड्या घालायचे. 'पिळवणूक' हा शब्द मला शाळेत शिकवण्याआधी लिहिता येत होता.

त्यामुळे पदवी झाल्यावर मला पहिली नोकरी हिंजवडीत मिळाली तेव्हा वडील दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. नोकरी काही सॉफ्टवेअरमधली नव्हती. एका मोठ्या कंपनीच्या इमारतीत साफसफाईचं कंत्राट ज्याच्याकडे होतं, त्याच्या ऑफिसात मी संगणकावर बसायचे. ऑफिस तळघरात, पार्किंगच्या शेजारी. वर काचा, खाली आम्ही. "बाबा, मी आत जाऊन बघते," असं मी त्यांना सांगितलं होतं, जणू मला कोणी हेर म्हणून पाठवत होतं.

सफाईला अडतीस बायका होत्या. वरची मुलं-मुली त्या सगळ्यांना 'मावशी' म्हणायची. मावशी, इथे कॉफी सांडलीय. मावशी, टिश्यू संपले. प्रेमानेच म्हणायची, पण अडतिसांपैकी एकीचंही नाव कोणाला माहीत नव्हतं. मी आठवडाभरात सगळी नावं पाठ केली आणि मनातल्या मनात या गोष्टीवर एक पत्रकही लिहून टाकलं.

या बायकांवर सुपरवायझर म्हणून एक बाई होत्या. सगळ्या त्यांना नुसतं 'बाई' म्हणत, मीही म्हणायला लागले. त्या धायरीच्या, धायरी गाव होतं तेव्हापासूनच्या. माझ्या आधीच्या ऑपरेटरच्या शेजारी बसून, तो काय दाबतो ते बघून त्या एक्सेल शिकल्या होत्या. ड्युटीचा तक्ता त्यांनी स्वतः बनवला होता. त्यात दोन शीट होत्या. एकीत यादी होती, म्हणजे पूर्ण नाव, पत्ता, पाळी आणि चौथ्या रकान्यात सुट्टीचा वार. दुसरीत महिन्याचा तक्ता. तक्त्यात नाव टाकलं की फॉर्म्युला यादीत जाऊन ते नाव शोधायचा आणि तिच्या सुट्टीचा वार आणून ठेवायचा. प्रत्येकीचा वार बाईंनी तिला विचारून ठरवलेला होता. कोणाचा गुरुवारचा उपास, कोणाची सासू दवाखान्यात, कोणाच्या गावात मंगळवारी पाणी. एका वहीत बाईंनी प्रत्येक फॉर्म्युला मराठीत लिहून ठेवला होता. 'नाव यादीत शोध. सापडलं की त्याच ओळीतलं चौथं घर आण.'

मला तेव्हा बाई आवडत नव्हत्या. कंत्राटदाराचा माणूस, असा मी त्यांच्यावर शिक्का मारून टाकला होता.

त्या महिन्यात कंपनीने नवा नमुना पाठवला. सगळ्या कंत्राटदारांनी आपले तक्ते त्याच नमुन्याच्या फाइलमध्ये द्यायचे. काम माझ्याकडे आलं. बाई पुतणीच्या साखरपुड्यासाठी चार दिवस जाणार होत्या. जाण्याआधी त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"जसंच्या तसं हलव. कॉपी केलं की फॉर्म्युला नव्या जागंचा शेजार धरतो. कट केलं की जुना शेजार सोडत न्हाई. कुठं काय पायजे ते आधी ठरव, मग हात लाव."

"हो बाई."

"आन् ह्या डॉलरच्या खुणा दिसत्यात ना, त्या खुंट्या हायत. काढल्यास तर खाली ओढताना यादी बी खाली घसरंल."

डॉलरच्या विरोधात आमच्या घरात निदान वीस पत्रकं लिहिली गेली असतील. मी एकही खुंटी काढली नाही. बाईंनी सांगितलेलं सगळं अक्षरशः पाळलं. आधी दोन ओळी हलवून पाहिल्या, मग बाकीच्या. यादी नेली, तक्ता नेला, फॉर्म्युले नेले. एकही बिघडला नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं, आणि त्याच भरात मी यादी वरून खाली नीट वाचली.

नावं कुठल्याच क्रमाने नव्हती. सगळ्यात वर बाईंच्या गावच्या दोघी. त्याखाली आणखी कोणी. मला लगेच वशिला दिसला. आणि प्रत्येक नावामागे आडनाव, म्हणजे कंपनीच्या ऑफिसातल्या कोणीही वाचावं आणि अडतीस जाती ओळखाव्यात. मी नमुन्यातला नियम पाहिला. 'नाव' एवढंच लिहिलं होतं, आडनावाची सक्ती नव्हती. मग मी वडिलांच्या पत्रकासारखं केलं. दोन्ही शीटमधून एकेक आडनाव खोडलं आणि नावं अकारविल्हे लावली. फॉर्म्युले पुन्हा तपासले. प्रत्येक घरात वार आलेला होता, एकाही घरात चूक दाखवणारी खूण नव्हती. आडनावाविना ती यादी मला इतकी सुंदर दिसली की प्रिंट काढून घरी न्यावीशी वाटली.

तक्ता बुधवारी भिंतीवर लागला. शुक्रवारी दुपारी बारा वाजता रविवारपासूनच्या आठवड्याची यादी कंपनीच्या गेटवर जाणार होती. आमच्या बायकांना फोटोचं ओळखपत्र नव्हतं. गेटवरच्या यादीतलं नाव हाच त्यांचा पास. (यावरही एक पत्रक मनात तयार होतं.)

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास सकाळपाळीची एकजण दारात येऊन उभी राहिली. वाशीमकडून आलेली, माझ्या आईच्याच मुलखातली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. पण त्या नावाच्या आमच्याकडे दोघी होत्या. दुसरी हिंजवडी गावातलीच, दुपारपाळीची. म्हणून एकीला वाशीमवाली म्हणते आणि दुसरीला गावातली.

वाशीमवाली म्हणाली, "ताई, माहा आईतवार कुठं गेला?"

मी तक्ता पाहिला. तिच्यासमोर गुरुवार होता.

"गुरुवार आहे तुमचा."

"माहा आईतवार असते. पोरीले भेटाचा दिवस हाय."

मला विचारायला हवं होतं, कुठली पोरगी, कुठे असते. मी विचारलं नाही. मी तिला समजावून सांगितलं. आता सगळ्यांची नावं एका ओळीत आहेत, कोणी वर नाही, कोणी खाली नाही, कोणाचा वशिला नाही. वार आता संगणक ठरवतो, आणि तो सगळ्यांना सारखा. मी हे फार मनापासून बोलले. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं," ती म्हणाली आणि बादली उचलून गेली.

तेव्हा दहा वाजून काही मिनिटं झाली होती. यादी गेटवर जायला अजून दोन तास होते.

बाई दुपारी परतल्या. पर्स टेबलावर ठेवायच्या आधीच त्यांनी भिंतीवरचा तक्ता वाचला.

"हिचा गुरुवार कसा झाला?"

"फॉर्म्युल्याने आलाय."

"फॉर्म्युल्याला पाय फुटले काय?" त्या माझ्या खुर्चीत बसल्या, त्या घरावर गेल्या, फॉर्म्युला वाचला आणि यादी उघडली. बोट पडद्यावर ठेवून खाली सरकत गेल्या. एका नावावर थांबल्या. त्याच्या खालच्या ओळीत तेच नाव पुन्हा होतं.

"आडनावं कुटं गेली?"

मी सांगितलं. का काढली तेही सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मशीन वरनं खाली बघत येतं. पयली दिसली की थांबतं. वर ही गावातली हाय, तिचा गुरुवार. म्हणून दोघींना गुरुवार दिला त्यानं." त्यांनी बोट उचललं. "त्याला काय ठाव, दोन माणसं हायत ते. आडनाव होतं तवर कळत होतं."

"आणि ते वशिल्याचं... नावांचा क्रम?"

"कसला वशिला? सकाळी टेम्पो जिला आधी घेतो, तिचं नाव आधी. माझ्या गावच्या लांब ऱ्हात्यात, म्हणून वर."

मग बाईंनी मला ते सांगितलं, जे मी सकाळी विचारलं नव्हतं. वाशीमवालीची मुलगी दौंडच्या पुढे एका वसतिगृहाच्या शाळेत होती, दोन एसट्या बदलून जावं लागे. पालकांना महिन्याच्या पहिल्या रविवारीच भेटू देत. मुलीचं तिथे मन रमत नव्हतं. गेल्या खेपेला तिने आईचा पदर सोडला नव्हता, मला घरी ने म्हणून रडली होती. आईने कबूल करून घेतलं होतं, एक महिना राहून बघ, पुढच्या भेटीच्या रविवारी मी येते, मग तू सांगशील तसं करू. तो रविवार परवाच होता.

"एक दिवस नाही आल्या कामावर तर?"

"मुलगी आजारी होती तवा दोन खाडे झाल्यात. तिसऱ्याला यादीतनं नाव काढत्यात. नियम हाय वरचा."

मी कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या गृहस्थांना मी चूक माझी आहे, माणूस दुसरं आहे, एकच वार बदलायचा आहे, हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मॅडम, बाराला यादी बंद होते. आपल्यासाठी उघडली तर उद्या सगळ्यांसाठी उघडावी लागेल. नियम सगळ्यांना सारखा."

माझेच शब्द मला परत मिळाले होते. मी फोन ठेवला.

"मी येते रविवारी," मी बाईंना म्हणाले. "त्यांच्या जागी मी पोछा मारते."

"तुझं नाव यादीत हाय का? न्हाई. आन् तुझा पोछा बघून वरनं तक्रार आली तर ती पण हिच्याच नावावर जाईल."

तेवढ्यात गावातली आपल्या पाळीसाठी आत आली. काय झालं ते तिने तिघी-चौघींकडून आधीच ऐकलं होतं. साडी खोचत म्हणाली, "मी जाते की सकाळी हिच्या नावावर. नाव तर तेच हाय यादीत. दुपारी माझ्या नावावर."

म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. आमच्या घरात देव नव्हते, पण 'आठ तास' ही गोष्ट देवासारखीच होती. मी ताडकन म्हणाले, "सोळा तास? मुळीच नाही. यासाठीच तर लोक लढले."

तिने माझ्याकडे बघितलं. "लढले ना? लई उपकार झाले. मग आता त्या पोरीला तू जाऊन सांग, आई का आली न्हाई ते. कागदावर लिहून दे हवं तर."

खोलीतल्या बायका हसल्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग कोणावर काढायचा हे पहिल्यांदाच ठरवता येत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "गप बसा. गेटवर माणसं मोजत्यात. आत काम कोण किती करतं ते मी वाटते. सकाळी ही आत येईल आन् मागच्या खोलीत पडून राहील. हिचा मजला सकाळच्या सगळ्या मिळून करतील, एकेक बाजू. जमतंय का?"

कोणी हो म्हणालं नाही. एकीने विचारलं, "कँटीनची बाजू कोणाकडं? मी न्हाई घेणार, तिथं लई चिकट असतं." आणि मग कँटीनवरून पाच मिनिटं भांडण झालं. त्यावरून मला कळलं की ठरलं आहे.

वाशीमवालीला हे सांगितलं तेव्हा ती गावातलीला फक्त म्हणाली, "जेवण कराची का नाही मंग दुपारी?"

"तू पोरीला बघ. माझ्या पोटाचं मी बघते."

रविवारी मला सुट्टी होती. तरी मी पहाटेची पहिली बस धरून हिंजवडीला गेले आणि गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत उभी राहिले. रस्ता इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता. टेम्पो आला, बायका उतरल्या. गेटवरच्या माणसाने यादी काढली.

"मावशी, नाव?"

गावातलीने नाव सांगितलं.

"पुढचं?"

"पुढचं लिवलंय का तुझ्या कागदावर? मग? माझ्या सासऱ्याच्या ज्वारीच्या रानात तुझी खुर्ची ठेवलीय, आन् मलाच नाव इचारतोस."

त्याने खूण केली आणि तिला आत सोडलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच मला लाज वाटली. मी खोडलेल्या आडनावामुळे वाशीमवाली अडली होती आणि त्याच खोडण्यामुळे गावातली आत गेली होती. त्यात माझं श्रेय काहीच नव्हतं. दुपारी दोनला ती बाहेर आली, माझ्या शेजारी उभी राहून चहा प्यायली. "झोप लई झ्याक लागली, एसी होता," म्हणाली आणि पुन्हा आत गेली. आता गेटवर दुसरा माणूस होता आणि आता ती स्वतःच होती.

सोमवारी मी बाईंना म्हणाले, मी सगळं परत करते, जुनी छापील यादी द्या. बाईंनी यादी दिली नाही.

"कागदावरनं नको. इचारून लिव. एकेकीला."

मग दोन दिवस पाळी बदलायच्या वेळी मी संगणकासमोर बसले आणि बायका एकेक करून आल्या. मी विचारायचे, तुमचं नाव कसं लिहायचं? पहिल्या दोघी हसल्याच, कोणी असं विचारत नाही म्हणून. एकीने नवऱ्याचं आडनाव नको, माहेरचं लाव असं सांगितलं. एकीने आडनाव नकोच म्हटलं, आणि कारण सांगितलं नाही. आडनावाला मी आता वेगळा रकाना केला होता, त्यातलं तिचं घर रिकामं ठेवलं. बाईंनी वहीत बघून नवा रकाना टाकायला लावला, प्रत्येकीला एक क्रमांक. उद्या नाव आणि आडनाव दोन्ही सारखं असलेल्या दोघी आल्या तर फॉर्म्युल्याने क्रमांक शोधावा. 'आम्ही नंबर नाही' हे शीर्षक वडिलांनी किमान तीनदा वापरलं होतं. मी थोडी कुरकुर केली. गावातली म्हणाली, "एसटीला बी नंबर असतो. पाटीवर गावाचं नाव असलं म्हंजे झालं."

यावेळी मी रकाने कट करून हलवले, म्हणजे फॉर्म्युले त्यांच्या मागे गेले. खुंट्या तपासल्या, आणि सुट्टीचा वार आता चौथ्या घरात राहिला नव्हता म्हणून फॉर्म्युल्यातला तो आकडाही बदलला. पहिल्या दोन ओळी करून थांबले, आणि त्या दोन ओळी मुद्दाम त्याच दोघींच्या निवडल्या.

वाशीमवाली सर्वांत शेवटी आली. मी आधी माफी मागितली. ती खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली.

"पोरगी राहतो म्हणते," ती म्हणाली. "मैत्रीण भेटली तिले. मी गेलो तं मलेच म्हणते, आई, तू कायले आली उन्हाची."

मी हसले. ती हसली नाही. पडद्याकडे बघत होती.

"ताई, एक विचारू? आडनाव कायले काढलं होतं?"

मी सांगितलं, आडनावावरून लोक जात ओळखतात, म्हणून.

"वळखू दे ना. माह्या सासऱ्यानं दीक्षा घेतल्यावर हे आडनाव घेतलं. शाळेत मास्तर लिहीत नव्हता, जुनंच लिहाचा. सासरा तीन दिवस शाळेच्या ओट्यावर बसला, लिहून घेतलं तेव्हा उठला. पोरगी बी तेच लिहिते वहीवर. तू मले विचारलं असतं तं मी सांगतलं असतं."

आमच्या घरातल्या एकाही पत्रकात हे नव्हतं. माझ्या आईच्या मुलखातली गोष्ट होती आणि मला माहीत नव्हती. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. तिला बोलण्यात रस नव्हता.

"लिही," ती म्हणाली.

तिने एकेक अक्षर सांगितलं, मी टाइप केलं. क्रमांक टाकला, तक्त्याच्या शीटवर गेले. तिच्यासमोर रविवार आला. वरच्या ओळीत गावातलीचा गुरुवार होता, तिथेच. मी तिला दोन्ही दाखवले. तिने वाराकडे एकदा बघितलं आणि पुन्हा नावाकडे आली. रकाना अरुंद होता, त्यामुळे आडनावाची शेवटची दोन अक्षरं शेजारच्या घराखाली दबली होती.

"हे अर्धंच दिसते," ती म्हणाली. "जरा रुंद कर."

मी रकान्याची कड धरून उजवीकडे ओढली.

"आणखी थोडं."